चांगुणाच्या नावाची फरशी

चकतीला पाणी कमी पडलं की ती किंचाळते, आणि पुरेसं मिळालं की जात्यासारखी घरघरते. तात्याराव मिस्त्री डोळे मिटून सांगायचा, फरशी कशी निघणार ते. किंचाळली की टवका उडाला. घरघरली की कड अशी निघायची, की वरून अंगठा फिरवावा आणि फरशी कुठं संपली हे अंगठ्याला कळूही नये.

गेलं वर्षभर त्याची चकती किंचाळत होती.

हुमनाबादेत चिनी मातीची फरशी कापायचं यंत्र पहिल्यांदा त्यानंच आणलं होतं, हैदराबादेहून, बसच्या टपावर टाकून. त्याआधी सारा जन्म शहाबादी दगडात गेला. शहाबादी छन्नीला ऐकते, चार टोले खाऊन सरळ होते. ही पांढरी फरशी तशी नव्हे. वर काचेसारखी चकाकी, आत ठिसूळ माती. जराशी घाई झाली की कडेचा टवका उडतो आणि आतलं लाल मांस दिसतं. यंत्र म्हणजे लोखंडी टेबल, फटीतून वर आलेली चकती आणि खाली मोटर. पाणी मात्र वरून माणसानंच द्यायचं. ते द्यायची चांगुणा, त्याची बायको.

ती यंत्राच्या डाव्या अंगाला उभी राहायची. हातात पितळी तांब्या, आणि तांब्याच्या ओठातून दोऱ्याएवढी धार, नेमकी जिथं चकती फरशीला शिवते तिथं. धार तुटू नये आणि आपल्यालाही कंटाळा येऊ नये म्हणून ती जात्यावरची ओवी म्हणायची. माहेरचीच ओवी, पण शब्द कामाप्रमाणे बदललेले.

पांढऱ्या फरशीवरी, काळी रेघ वढिली
धार म्या सोडिली, तिनं वाट काढिली

पहिल्या ओळीला तात्याराव फरशी चकतीला नुसती टेकवायचा, वरची चकाकी तेवढी चिरायची. दुसऱ्या ओळीला जोर. मग ती तिसरी ओळ धरायची, ‘राजस माझा धनी, पुढं पुढं चालितो’, आणि फरशी पुढं पुढं चालायची. शेवटचं बोटभर अंतर उरलं की चकतीचा आवाज चढायचा आणि चौथी ओळ त्यात बुडून जायची. तिचे ओठ हलताना दिसायचे, तेही सावकाश. त्या हलत्या ओठांकडे बघत तो हात हळू करायचा आणि तुकडा अलगद सुटायचा. बारा वर्षांत ती चौथी ओळ त्याला कधी ऐकू आली नाही, आणि त्यानं कधी विचारलीही नाही.

पांढऱ्या चिखलाचे शिंतोडे तिच्या घोट्यापर्यंत यायचे. काम संपवून ती बाजूला झाली की जमीन सगळी पांढरी, आणि मधे तिच्या पावलांएवढ्या दोन कोरड्या जागा. तात्याराव चेष्टा करायचा, की बाई गेली पण चपला विसरली.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या पायांवर सूज आली आणि जिना चढताना दम लागू लागला. बिदरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी काळीज मोठं झालंय असं सांगितलं. सलाईन लावलं, पण अगदी बारीक. शिवम्मा नावाची कानडी सिस्टर होती. तिनं नळीवरचं छोटं चाक फिरवून थेंब बसवले, काचेच्या बाटलीवर पांढरी पट्टी चिकटवली, पट्टीवर पेनानं अर्ध्याची रेघ मारली आणि बजावलं, “निधान, अण्णा. निधान.” म्हणजे सावकाश. पाणी जोरात गेलं तर या काळजाला सोसणार नाही, हेही तिनं मोडक्या मराठीत समजावलं.

तात्यारावाचं कोळारला काम चालू होतं. एका कारखान्याच्या खानावळीच्या भिंती. दुसऱ्या दिवशी तिथं हजर व्हायचं होतं, चारची बस धरायची होती, आणि बाटली संपेपर्यंत बसायचं हा तर नवरा म्हणून त्याचा धर्म. बाटली जेमतेम उणी झालेली. चांगुणाचा डोळा लागला होता. तिची थोरली बहीण शोभाबाई खिडकीशी पाठ करून मोसंबी सोलत होती. त्यानं अंगठ्यानं चाक फिरवलं. थेंबांची धार झाली. मग बसची चौकशी करून येतो म्हणाला आणि स्टँडवर गेला. तिथं चहा प्याला. ओळखीचा एक ठेकेदार भेटला, त्याच्याशी बोलत उभा राहिला. परतला तेव्हा तास उलटून गेला होता, आणि चांगुणाच्या निश्चल अंगावरची चादर हनुवटीपर्यंत ओढलेली होती.

त्यानं कुणाला काही विचारलं नाही. उत्तर ठाऊक असलेला माणूस विचारत नसतो. बाटली टांगलेलीच होती, पाणी पेनाच्या रेघेवर थांबलेलं. विकत आणलेली म्हणून ती बाटली, नळी, सगळं पिशवीत घालून तो घरी आला. उरलेलं पाणी दारातल्या लिंबाच्या झाडाला घातलं. पिशवी मात्र टाकवेना.

महिन्याभरानं यंत्र पुन्हा चालू करायची वेळ आली तेव्हा धार धरायला कोणी नव्हतं. त्यानं तीच बाटली पाण्यानं भरून यंत्रावरच्या गजाला उलटी टांगली, सुई काढून टाकली आणि नळीचं तोंड चकतीवर आणून बांधलं. डोकं चांगलं चालवलं म्हणून लोकांनी वाखाणलंही. पण चाकाला अंगठा लावला की त्याचा हात थिजायचा. शिवम्मा सिस्टरनं बसवले होते तेवढेच थेंब तो सोडायचा. एका श्वासाला दोन. त्याहून एक जास्त नाही.

आणि चकती किंचाळायची.

त्यानं चकती बदलून पाहिली. भाजक्या विटेतून चार वेळा चालवून तिच्या कडेतले हिऱ्याचे बारीक दाणे उघडे केले. रेघेवर चिकटपट्टी लावून पाहिली, म्हणजे चकाकी धरून राहील. आधी वरून चिरून मग खोल जाऊन पाहिलं. निम्मी फरशी बरी निघायची. टवका उडायचा तो दर वेळी त्याच जागी, शेवटच्या बोटभर अंतरात, जिथं चौथी ओळ असायची.

आणि डाव्या अंगाला कोणीतरी उभं असायचं.

दिसायचं काही नाही. टळटळीत दुपारी, मोटर बंद करून तो घाम पुसत असला, की तांब्या जमिनीवर टेकल्याचा आवाज यायचा. कधी बांगडी किणकिणायची. मग बघावं तर वाऱ्यानं नळीचं टोक बाटलीवर आपटत असायचं. त्याला ते कळायचं, आणि कळून उपयोग नसायचा. माल वाहताना, फरश्या रचताना, तो ती डावीकडची जागा मोकळी सोडू लागला.

हे बोलायचं कुणाजवळ? त्याचे सासरे गुंडेराव सत्तावन साली धम्मात आले तेव्हा देव्हाऱ्यातले टाक त्यांनी स्वतःच्या हातांनी कारंजा नदीत सोडले होते. भूत, लागीर, उतारा हे शब्द त्या घरात कोणी काढत नसे. गुंडेराव म्हणायचे, माझ्या दारात भुतानं यावं खुशाल, पण येताना शाळेचा दाखला घेऊन यावं. लोक हसायचे. तात्यारावही हसला होता, लग्नात, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा.

वर्ष भरत आलं तसा गुंडेरावांचा निरोप आला. त्यांच्या गावात, मन्नाएखेळ्ळीत, विहार बांधून झाला होता. बुद्धाची मूर्ती बसायचा चौथरा तेवढा उघडा होता. त्याला पांढरी फरशी लावायची, वैशाखी पौर्णिमेच्या आत. प्रत्येक घरानं एक फरशी दिली होती आणि तिच्या पाठीवर कोळशानं घरातल्या कुणाचं तरी नाव लिहिलं होतं. कुणी आईचं, कुणी कालच जन्मलेल्या लेकीचं. ती नावं सिमेंटात जाणार, कुणाला दिसणार नाहीत, पण असणार. असं काम मिस्त्री बाहेरचा लावून कसं करायचं? घरचा जावई असताना.

तो आला. गुंडेरावांच्या घरी उतरला नाही, विहारातच पथारी टाकली. गावाला लाईट दुपारी एक ते चार, तेवढ्यात कापायचं आणि उरल्या वेळात लावायचं. अखंड फरश्या सुरेख बसल्या. कापायच्या सगळ्यांचे टवके उडाले. नरसिंग म्हणून एक शेतकरी होता, त्याच्या आईच्या नावाची फरशी कोपऱ्यात फुटली तेव्हा तो बिचारा काही बोलला नाही, तुकडा नुसता हातात घेऊन बघत राहिला. बायका मात्र बोलल्या. मिस्त्रीच्या चकतीला दात आलेत की काय, फरश्या कुरतडायलीय, असं पाणी न्यायला आलेली एक म्हातारी म्हणाली आणि बाकीच्या पदरात हसल्या. त्यानं टवक्यांची बाजू खाली घेतली, पांढऱ्या सिमेंटनं भरली. लांबून कळत नव्हतं. त्याला कळत होतं.

पौर्णिमेला एक दिवस उरला तेव्हा चौथऱ्याच्या समोरच्या अंगाला, अगदी मधोमध, एक जागा राहिली. पाऊण फरशीची. मूर्तीच्या पावलांच्या बरोबर खाली. तिथं टवका लपणार नव्हता, वरही नाही, खालीही नाही. सगळ्या घरांच्या फरश्या संपल्या होत्या. गुंडेराव धोतराच्या सोग्यात गुंडाळून एक फरशी घेऊन आले आणि त्याच्या हातात दिली. तात्यारावानं पालथी केली. कोळशाच्या मोठ्या, थरथरत्या अक्षरांत लिहिलं होतं, चांगुणा.

म्हाताऱ्यानं घसा खाकरला. “तात्या, बाकीच्यांचं म्या गावाला समजावलं. हिच्या बदली दुसरी न्हाई.”

एवढं बोलून ते बाहेर लिंबाखाली जाऊन बसले.

एकला लाईट आली. तात्यारावानं फरशी टेबलावर ठेवली, पेन्सिलीनं रेघ आखली, चिकटपट्टी लावली, चकती विटेतून चालवून घेतली. बाटली भरली. चाकावर अंगठा ठेवला आणि एका श्वासाला दोन थेंब बसवले. मोटर चालू केली. चकती हवेत नुसती फिरत होती तरी त्याला तिचं किंचाळणं ऐकू येऊ लागलं. त्यानं मोटर बंद केली. पुन्हा चालू केली. पुन्हा बंद केली. असं अर्धा तास चाललं.

भाकरी घेऊन आलेली शोभाबाई दारात उभी राहून हे बघत होती. विधवा बाई, माहेरीच असायची. वर्षभरात ती आणि तो एकमेकांशी चार शब्द बोलले नव्हते. तिनं टोपलं खाली ठेवलं, यंत्राच्या उजव्या अंगाला आली आणि टांगलेल्या बाटलीकडे बघत राहिली. पट्टी तीच, रेघ तीच. तिनं ओळखलं.

“थेंब मोजायलाव व्हय?” ती म्हणाली.

त्यानं फडक्यानं टेबल पुसायला घेतलं.

“हे चाक त्या दिशी तुमी उघडलंवतं. म्या बघितलंय. खिडकीच्या काचंत दिसलं मला.”

तात्याराव होता तिथं खाली बसला. वर्षभर उरावर घेतलेला धोंडा दुसऱ्याच कुणाच्या तोंडून बाहेर पडला होता. त्यानं एवढंच विचारलं, “मग अक्का, बोलला कामून न्हाईत?”

“बोलाय तुमी कुठं थांबलाव? तिच्या पुण्यानुमोदनाला बी दारातूनच माघारी गेलाव.” ती टेबलावरच्या फरशीकडे बघत बोलत होती, त्याच्याकडे नाही. “तुमी गेलाव आन् लगेच शिवम्मा सिस्टर आली. धार बघून मलाच रागं भरली. चाक होतं तसं फिरवून गेली. त्याच्यामागून चांगुणा जागी झाली. लई येळ बोलत हुती. मधीच जात्यावरचं म्हणायची, मधीच हसायची. मंग झोपली.”

माणूस माणसाला जगवायला खोटंही बोलतो, हे तात्यारावाला ठाऊक होतं. शोभाबाई रोज सकाळी पंचशील म्हणायची आणि खोटं न बोलण्याची शपथ त्यात चौथी असते, हेही त्याला ठाऊक होतं. पण तिनं वर बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिनं वर बघितलं नाही.

त्यानं बाटली भरायला घेतलेल्या तांब्याकडे बोट केलं. अक्कांनी धार धरली तर होईल काम, असं कसंबसं बोलला.

“म्या चांगुणा न्हाई,” शोभाबाई म्हणाली. “तुमचं चाक तुमीच उघडा.”

बाहेर लिंबाखाली म्हातारा खोकला. रस्त्यावरून हैदराबादकडे जाणाऱ्या लॉऱ्यांची घरघर येत होती. तात्याराव उठला. अंगठा चाकावर ठेवला. चाक फिरेना, की अंगठाच फिरेना. मग फिरलं. नळीतल्या छोट्या काचेत थेंबांची माळ झाली, माळेची धार झाली, बाटलीत बुडबुडे चढू लागले, गुडूगुडू, जसे त्या दिवशी चढले होते. त्यानं डोळे मिटले. पुन्हा उघडले. मोटर चालू केली.

शोभाबाईनं ओवी धरली. आवाज तिचा जाड, चांगुणासारखा नव्हे. पण हेल एकाच जात्यावरचा.

पहिल्या ओळीला त्यानं फरशी टेकवली. चकती किंचाळली नाही. दुसऱ्या ओळीला जोर दिला, पांढरं पाणी रेघेतून वाहायला लागलं. तिसरी ओळ सुरू झाली तशी फरशी पुढं पुढं चालली आणि यंत्र घरघरू लागलं, जुन्या, दोन बायकांनी धरलेल्या जात्यासारखं. शेवटचं बोटभर अंतर आलं. आवाज चढला. तात्यारावानं सवयीनं डावीकडे बघितलं, हलत्या ओठांसाठी. तिथं कोणी नव्हतं. उजवीकडून शोभाबाई आवाजावर आवाज चढवून, एक एक शब्द सुटा करून म्हणत होती,

हळू चाल राया, जीव मागं ऱ्हायितो

त्याचा हात हळू झाला. इतका हळू, की फरशी चालतेय की थांबलीय हे चकतीलाही कळू नये. तुकडा सुटला आणि त्याच्या तळहातात आला. त्यानं मोटर बंद केली. चिकटपट्टी सोलली आणि कडेवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेवटच्या बोटभर जागेवरून दोनदा.

शोभाबाईनं भाकरीचं टोपलं उचललं, सावलीत नेऊन ठेवलं.

चाक बंद करायचं राहूनच गेलं होतं. मोटर थांबली तरी पाणी वाहत होतं, टेबलावरून खाली, जमिनीवर. तात्याराव ते बघत बसला. बाटली संपत आली. रेघेच्या खाली गेली. मग तोंडापाशी आली. मग नळीत एक थेंब अडकला, लोंबला आणि पडला. आयुष्यात त्यानं ही बाटली रिकामी होताना बघितलीच नव्हती. दोन थेंबांनी ती दिवसभर पुरायची, आणि मावळतीला तो अर्धीच उतरवून ठेवायचा.

किती वेळ लागला असेल? सारं कापकाम धरून दहा मिनिटं. दवाखान्यात नळीला सुई होती, म्हणजे धार आणखी बारीक. वीस मिनिटं धरा. फार तर अर्धा तास.

तो स्टँडवरून परतला तेव्हा तास उलटून गेला होता, आणि पाणी अजून रेघेवरच होतं. चाक मधेच कुणीतरी आवरलं होतं.

पाण्याचा हिशेब ज्याच्या हातात होता त्या माणसानं वर्षभर हा एक हिशेब केला नव्हता. त्यानं रिकामी बाटली गजावरून काढली, पट्टीवरची पेनाची रेघ बोटानं चाचपली. शोभाबाई बाहेर बापाला पाणी देत होती. तिच्याकडे जाऊन काही बोलावं असं त्याला वाटलं. पण तो सिमेंट कालवायला बसला.

फरशी चारच्या आत बसली. कोळशाचं नाव ओल्या सिमेंटात टेकलं तेव्हा तो तळवा दाबून जरा वेळ तसाच राहिला. मग ओल्या फडक्यानं पुसून घेतली. दोन्ही बाजूंच्या सांध्यांतून दोरा जाईल एवढीच फट.

गुंडेराव आत आले. चौथऱ्यापुढे वाकून त्यांनी चष्मा कपाळावर सारला, कडेवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. मग मागं वळले आणि थबकले.

यंत्राभोवतीची जमीन पांढऱ्या चिखलानं माखली होती. उजवीकडे शोभाबाईच्या पावलांच्या खुणा, पुढं तात्यारावाच्या. आणि डाव्या अंगाला, जिथं दिवसभरात कोणी उभं राहिलं नव्हतं, तिथं दोन कोरड्या जागा होत्या. शेजारी शेजारी, पावलांएवढ्या.

तात्यारावानं त्या बघितल्या. सासऱ्यानं बघितल्याचंही त्यानं बघितलं.

“यंत्राच्या पायाचा आडोसा झाला आसंल,” गुंडेराव म्हणाले. “शिंतोडे आडतेत.”

“व्हय मामा,” तात्याराव म्हणाला. “आडतेत.”

दार त्याच बाजूला होतं. म्हाताऱ्यानं धोतराचा सोगा वर धरला आणि त्या दोन कोरड्या जागांना वळसा घालून, चिखलातून पाय टाकत, तो सावकाश बाहेर गेला.